गुरुजी, पटाबद्दल तुमचं बरोबर आहे

गुरुजी, नमस्कार.

मुलांना घरी शिकवण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, मग रात्री ह्यांनाही वाचून दाखवली. खानापूर तालुक्यात जन्मभर मराठी शाळेत शिकवलेल्या माणसानं रागावून लिहिलंय. नुसतं 'धन्यवाद' लिहून ते सोडून देणं मला जमणार नाही.

तुम्ही म्हणता, सीमाभागात मराठी शाळांचा पट घसरतोय आणि अशा वेळी आम्ही दोन पोरं घरी बसवली. फादर-सिस्टरांनी शाळा काढल्या म्हणून आपल्याकडची कितीतरी माणसं शिकली, आणि आम्ही कॅथलिक असूनही शाळेकडे पाठ फिरवली. आणि धर्माच्या नावाखाली मुलं कोंडून ठेवली, असंही तुम्ही म्हणता.

पटाचं आधी बोलते, कारण तेच मला लागलं. पट आम्ही कमी केला, हे खरं आहे. पण दोन वर्षांपूर्वी पोरं घरी आणली तेव्हा नाही. त्याआधी चार वर्षं त्यांना रोज इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवत होतो, तेव्हा. गावची मराठी शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि आमची पोरं टाय बांधून तिच्या दारावरून जायची. त्या वेळी कुणी बोललं नाही, उलट कौतुक झालं. ती चूक आमची, आणि ती मी मान्य करते.

त्या चार वर्षांत काय झालं, तेही सांगते. संध्याकाळच्या रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला (आमच्या सासूबाई अजून तिला तेर्सच म्हणतात) थोरला सगळ्या प्रार्थना इंग्रजीत घडाघडा म्हणायचा. एकदा त्यांनी विचारलं, 'ह्याचा अर्थ काय रे बाळा?' त्याला सांगता आला नाही. आजीला नातवाची प्रार्थना कळत नव्हती, आणि नातवाला स्वतःची. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. धाकटी तांदळाची भाकरी थापायला शिकत होती. उकड नीट मळली नाही की भाकरी कडेला चिरते, तशा तिच्या तीन चिरल्या. चौथी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवता फिरवता म्हणाली, 'आई, प्रार्थनेत आमची रोजची भाकर आज आम्हांस दे म्हणतो, ती हीच की? मग उद्याची का नाही मागायची?' मी तिला बायबलमधल्या मान्नाची, म्हणजे देवानं रानात रोज दिलेल्या अन्नाची, गोष्ट सांगितली. एका दिवसापुरतंच गोळा करायचं, जास्त साठवलं की त्यात किडे पडायचे. मग ती स्वतःच म्हणाली, कामावर जाणाऱ्या मावशी संध्याकाळी दुकानातून त्या दिवसापुरतंच पीठ नेतात, तसं. हातावर पोट असणं म्हणजे काय, हे तिला त्या प्रार्थनेतून कळलं आणि प्रार्थना त्या मावशींमुळे कळली. शाळेत कुणी तिला उत्तर दिलं नसतं असं मी म्हणत नाही. पण तिथे तिच्या हाताला पीठ लागलेलं नसतं, आणि हा प्रश्नच तिला पडला नसता.

चर्चचं म्हणाल, तर १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, शिक्षणावर जो दस्तऐवज काढला, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक असं म्हटलंय. शक्य असेल तिथे मुलांना कॅथलिक शाळेत घालणं हे आईबापांचं कर्तव्य आहे, हेही त्याच दस्तऐवजात आहे. आपल्या सोयीचं तेवढंच सांगायला मला आवडत नाही. माझी आई सिस्टरांच्याच शाळेत लिहायला-वाचायला शिकली, ते ऋण मी विसरणार नाही. पण विश्वास घरात जगला नाही तर शाळा किती पुरी पडणार? गोव्याचे धर्मगुरू संत जोसेफ वाझ १६८७ साली वेष पालटून श्रीलंकेत उतरले, तेव्हा डचांनी तिथे कॅथलिक धर्मावर बंदी घातलेली होती. धर्मगुरूच नव्हते. तरी त्यांना कॅथलिक कुटुंबं सापडली, कारण लोकांनी घरातल्या घरात प्रार्थना टिकवली होती. १६ जानेवारीला त्यांचा सण येतो, तेव्हा मी पोरांना हेच सांगते.

कायद्याचीही बाजू झाकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य ठरवलंय. घरशिक्षणासाठी त्यात वेगळी तरतूद नाही, तशी पालकांना शिक्षेचीही नाही. ही टांगती गोष्ट आम्ही पत्करली आहे. थोरला १४ पूर्ण झाला की एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावीला बसेल.

कोंडून ठेवण्याचं मात्र मला पटलं नाही. सकाळी अभ्यास, दुपारी शेजारच्या अज्जींकडे कन्नड. त्या पाटीवर अक्षर गिरवून घेतात आणि चुकलं की हातावर चापट देतात. संध्याकाळी तुमच्याच शाळेच्या मैदानावर, तुमच्याच पोरांबरोबर कबड्डी. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मराठी मिस्सा (रविवारची उपासना), तिथे थोरला आता बायबलचं वाचन करतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजी पुढच्या बाकावर डोळे पुसत होत्या.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडे मागायची आहे. थोरल्याचं मराठी वाचन चांगलं झालंय, पण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं चुकतात, आणि त्या चुका माझ्या नजरेला दिसत नाहीत. शनिवारी दुपारी तासभर त्याला तुमच्याकडे पाठवू का? गावातल्या आणखी दोन पोरांनाही यायचंय. ती दोघंही इंग्रजी शाळेतली आहेत, त्यांच्या आयांशी माझं बोलणं झालंय. तुम्हाला बाहेर पडणं सोपं असेल तर इकडेच या. आमची तेर्स सातला असते, त्याआधी भाकरी होतात.