डिस्वेड केलं, पण ऐकलं नाही

रविवारी सकाळी मी धड जागाही झालो नव्हतो आणि आठवीतली लेक वही नाचवत आली, "बाबा, डिसुआड म्हणजे काय?" मला आधी ते कसलं तरी औषध वाटलं. स्पेलिंग बघितलं तर डिस्वेड. म्हटलं अगं, पर्स्वेड म्हणतो ना तसं, यू लिहायचा पण बोलताना त्याचा व करायचा. "मग लिहायचाच कशाला?" याला उत्तर नाही, म्हणून "पुढे चल" म्हटलं.

अर्थ सांगितला, परावृत्त करणे. "परावृत्त म्हणजे?" घ्या, इंग्रजीचं मराठी सांगितलं की आता त्या मराठीचं मराठी सांगा. मग म्हटलं, पर्स्वेड म्हणजे समजावून एखादी गोष्ट करायला लावणं आणि डिस्वेड म्हणजे समजावून त्यातून मागे फिरवणं. कळलं म्हणाली आणि लगेच वाक्य ठोकलं, बाबा डिस्वेडेड मी टू नॉट कट माय हेअर.

वाक्य चुकलंय हे मला कळत होतं, का चुकलंय ते सांगताना घाम फुटला. बराच वेळ "ते कानाला बरं वाटत नाही" वर निभावलं, पण आजकालची मुलं कानावर विश्वास ठेवत नाहीत. शेवटी सुचलं की डिस्वेडच्या पोटातच "नको" आहे, वर आणखी नॉट कशाला, आणि त्याला टू चालत नाही, फ्रॉम लागतं आणि पुढच्या क्रियापदाला आयएनजी. फ्रॉम कटिंग माय हेअर. आणि गंमत म्हणजे मराठीतही तेच की, केस कापण्या"पासून" परावृत्त केलं! या शोधावर मी इतका खूश झालो की कुणी न विचारता डिक्शनरी उघडून लॅटिनपर्यंत गेलो. तिथे सुआदेरे म्हणजे सल्ला देणं, आणि तो शब्द म्हणे आपल्या संस्कृत स्वादु, म्हणजे गोड, याचा लांबचा भाऊ. म्हणजे डिस्वेड करायचं ते मुळात गोडीत. धाक दाखवून थांबवलं तर त्याला इंग्रजीत डिटर म्हणतात. फ्रेंच लोक मात्र हा फरक पाळत नाहीत, त्यांनी १९६० साली सहारात पहिला अणुबॉम्ब फोडला आणि त्या सगळ्या धाकाला ते दिस्वाज्यों म्हणतात. काय तो गोडवा!

हे सगळं मी हातवारे करून सांगत असताना बायको शांतपणे म्हणाली, "पण तिने केस तर कापलेच ना?"

कापलेच होते. गुरुवारी, आरशासमोर उभं राहून, माझ्या कात्रीने, आणि त्याआधी मी तिला अर्धा तास समजावत होतो. आता बघा, ग्रामर दुरुस्त करूनसुद्धा वाक्य खोटं, कारण डिस्वेड केलं म्हणायचं तर समोरच्याने खरंच ऐकायला लागतं. मराठी या बाबतीत आईबापांच्या बाजूची आहे, "खूप समजावलं पण ऐकलं नाही" असं आपण बिनधास्त म्हणतो, समजावणाऱ्याचा मान राहतो. "पटवलं पण ऐकलं नाही" मात्र म्हणता येत नाही, आणि डिस्वेड हा पटवण्याच्या जातीचा शब्द, रिझल्ट लागल्याशिवाय पैसे नाहीत. ज्याचं कुणी ऐकत नाही त्याच्यासाठी इंग्रजीत वेगळी सोय आहे, आधी ट्राइड टू लावायचं. बाबा ट्राइड टू डिस्वेड मी फ्रॉम कटिंग माय हेअर. म्हणजे बाबांनी प्रयत्न केला बिचाऱ्यांनी.

हे तिला फारच आवडलं. होमवर्कला पाच वाक्यं हवी होती, दहा मिनिटांत वही परत आली. पहिली चार बाबा ट्राइड टू ने सुरू, केस, रात्री दोनपर्यंत मोबाईल, आणखी एक मी इथे लिहिणार नाही, आणि भिंतीवरचं ते पोस्टर. पाचवं वाक्य होतं, आई डिस्वेडेड बाबा फ्रॉम बाइंग अ न्यू बाइक.

यात ट्राइड कुठे नव्हतं. मी दोनदा तपासलं, टू नाही, नॉट नाही, फ्रॉम आहे, आयएनजी आहे. बरोबरची खूण करून वही परत दिली.