आठ गोलांची ती दुपार, आणि चेल्सीचं विजेतेपद

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इंग्लंडमधल्या महिला फुटबॉलच्या सर्वोच्च लीगच्या, म्हणजे विमेन्स सुपर लीगच्या, २०२३-२४ च्या मोसमावर मी लिहिलेला लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचून मग झोडपला आहे, त्यामुळे उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : चेल्सी सलग पाचव्यांदा जिंकली, मग 'शेवटच्या दिवसापर्यंत चुरस' कसली? चेल्सी आणि मँचेस्टर सिटी (पुढे नुसतं 'सिटी') दोघींचे ५५ गुण, आपसातल्या सामन्यांत सिटी सरस, तरी तळाच्या ब्रिस्टॉल सिटीला (पुढे 'ब्रिस्टॉल') आठ गोल मारून चेल्सीने गोलफरकाच्या (मारलेले वजा खाल्लेले गोल) हिशेबात चषक नेला. आणि चेल्सीची प्रशिक्षक एमा हेज हिच्या निरोपाने मी इतकी भारावले की पैशाचा विषय सोयीने विसरले.

यातला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, त्याकडे नंतर येते. आधी त्या आठ गोलांबद्दल, कारण माझ्या मते सगळा मोसम तिथे आहे आणि तुम्ही नेमका तोच भाग निकालात काढलात.

१ मे २०२४ ची रात्र आठवा. लिव्हरपूलने चेल्सीला ४-३ हरवलं आणि विजेतेपद आता गेल्यातच जमा आहे, असं खुद्द हेज बोलून मोकळी झाली. तेव्हाचा गुणतक्ता बघा. सिटी २० सामन्यांत ५२ गुण, चेल्सी १९ सामन्यांत ४६. गोलफरक सिटीचा ४६, चेल्सीचा ३८. म्हणजे चेल्सीने हातातला जादा सामना जिंकला असता तरी तीन गुणांनी मागे, शिवाय गोलफरकात आठने मागे. सिटीला उरलेले दोन सामने नीट खेळायचे होते, बाकी काही नाही.

चारच दिवसांनी, ५ मे रोजी, दोन गोष्टी घडल्या. किंग्जमेडो या आपल्या घरच्या मैदानावर चेल्सीने ब्रिस्टॉलला ८-० हरवलं. आणि सिटी आपल्या घरच्या मैदानावर आर्सेनलविरुद्ध लॉरेन हेम्पच्या गोलमुळे १-० ने पुढे असताना, ८९व्या मिनिटाला आणि पुन्हा इंज्युरी टाइममध्ये स्टिना ब्लॅकस्टेनियसने दोन गोल मारून सामना २-१ असा फिरवला. एका दिवसात गोलफरकाचं पारडं नऊ गोलांनी हललं : चेल्सी ४६, सिटी ४५. पुढे १५ मे रोजी चेल्सीने टॉटनहॅमला माइका हामानोच्या एकमेव गोलवर हरवलं आणि शेवटच्या दिवशी (१८ मे) दोघींचे गुण ५२-५२ असताना चेल्सी दोन गोलांनी वर होती. ब्रिस्टॉलविरुद्ध चौथ्या गोलनंतर चेल्सीच्या मुली थांबल्या असत्या, तर १८ मेच्या सकाळी तक्त्यात वरचं नाव सिटीचं असतं. तुम्ही ज्यांना 'फुकटचे गोल' म्हणता ते पाचवा, सहावा, सातवा आणि आठवा गोल, त्यांची किंमत ही अशी आहे.

हे मला इतकं लागतं त्यालाही कारण आहे. शाळेत असताना एका आंतरशालेय स्पर्धेत आम्ही पहिला सामना चार गोलांनी जिंकत होतो. बाहेरून आवाज आला, 'बास आता, पास-पास खेळा, समोरच्या मुली रडायला लागल्यात.' आम्ही थांबलो. दोन दिवसांनी गोलफरकात एका गोलाने बाहेर पडलो. समोरच्या संघाला मान द्यायचा असेल तर त्यांच्याविरुद्ध शेवटच्या मिनिटापर्यंत जीव तोडून खेळावं, असं मला तेव्हापासून वाटतं. कीव करून खेळणं हा मान नव्हे. चार दिवसांपूर्वी सगळं हरून बसलेल्या संघाने त्या दुपारी प्रत्येक गोलनंतर चेंडू उचलून मध्यरेषेकडे पळावं, ह्यात मला निर्दयपणा दिसत नाही.

आता आपसातले सामने. तुमचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. फेब्रुवारीत सिटीने किंग्जमेडोवर जाऊन आपल्या बनी शॉच्या गोलवर १-० असा विजय मिळवला आणि ऑक्टोबरचा सामना १-१ सुटला. स्पेनच्या पुरुषांच्या ला लीगासारखा आपसातल्या निकालाचा नियम असता तर चषक सिटीचा होता. लेखात मी हे लिहायला हवं होतं. पण नियम मोसमाच्या आधी ठरलेला होता आणि लीग २२ सामन्यांची असते, दोघींमधल्या दोन सामन्यांची नव्हे. सिटीने चेल्सीकडून चार गुण घेतले, आणि आर्सेनलला दोन्ही सामन्यांत मिळून सहा दिले. नोव्हेंबरच्या त्या २-१ पराभवातही विजयी गोल ब्लॅकस्टेनियसचाच होता. त्यानंतरच्याच आठवड्यात सिटी घरच्या मैदानावर ब्रायटनकडून ०-१ हरली. चेल्सीने आर्सेनलकडून एकदा १-४ असा मार खाल्ला, पण परतीच्या सामन्यात ३-१ जिंकून हिशेब बरोबरीत आणला.

आणि तो ऑक्टोबरचा १-१ सामना! ८ ऑक्टोबर २०२३. क्लोई केलीने सिटीला सुरुवातीलाच पुढे नेलं. मध्यंतराआधी अॅलेक्स ग्रीनवुडला फ्री-किक घ्यायला वेळ काढला म्हणून दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तिला मैदान सोडावं लागलं. तेव्हाच्या बातम्यांत तिने लावलेला वेळ २६ सेकंद असा दिला होता. पुढे हेम्पलाही तसंच बाहेर काढलं गेलं. नऊ जणींनी सिटीने ९६व्या मिनिटापर्यंत आघाडी धरून ठेवली आणि तेव्हा गुरो रायटेनने बरोबरी साधली. तो गोल झाला नसता तर मोसमाअखेर सिटी ५७ आणि चेल्सी ५४. सिटीवर अन्याय झाला असं म्हणायचंच असेल, तर बोट त्या पिवळ्या कार्डाकडे दाखवा. मला तो निर्णय आजही कठोर वाटतो. गोलफरकाने कुणावर अन्याय केला नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत एक नाव आलंच नाही, त्याचं मला आश्चर्य वाटलं. बनी शॉ. २१ गोल, लीगमध्ये सर्वाधिक. एप्रिलमध्ये पायाच्या दुखापतीने ती बाहेर पडली आणि शेवटच्या सामन्यांत सिटीला तिच्याशिवाय उतरावं लागलं. गंमत नाही, दुःखाची गोष्ट म्हणून सांगते : ती दुखावली तो सामनाही ब्रिस्टॉलविरुद्धचाच होता, सिटीने ४-० जिंकलेला. शेवटच्या दिवशी अॅस्टन व्हिलाकडे सिटीला गोलांचा पाऊस हवा होता, मिळाला २-१ असा विजय. शॉ असती तर काय झालं असतं, हा प्रश्न सिटीच्या चाहत्यांनी विचारला तर माझ्याकडे उत्तर नाही. पण मग चेल्सीचाही विचार करा. त्यांची आघाडीची खेळाडू सॅम कर हिच्या गुडघ्याचा लिगामेंट जानेवारीत फाटला आणि तिचा मोसम तिथेच संपला.

सलग पाच विजेतेपदं म्हणजे एकतर्फी लीग, हे तर आकड्यांपुढे टिकतच नाही. २०२०-२१ मध्ये चेल्सी सिटीपेक्षा दोन गुणांनी पुढे. २०२१-२२ मध्ये आर्सेनलपेक्षा एका गुणाने. २०२२-२३ मध्ये मँचेस्टर युनायटेडपेक्षा दोन गुणांनी. २०२३-२४ मध्ये शून्य. आणि २०१९-२० मध्ये कोविडने मोसम अर्धवट थांबला तेव्हा गुणांत सिटीच एकाने पुढे होती, पण चेल्सीचा एक सामना कमी झालेला असल्याने सामन्यामागे गुणांच्या सरासरीवर निकाल लागला. पाच वर्षं एकच संघ जिंकला हे खरं, पण पाचही वेळा जेमतेम जिंकला. तुमचं वाक्य पुढच्या मोसमाला लागू पडतं : २०२४-२५ मध्ये नव्या प्रशिक्षक सोनिया बोम्पास्तोरच्या चेल्सीने एकही सामना न हरता ६० गुण केले, दुसऱ्या क्रमांकावरच्या आर्सेनलपेक्षा १२ जास्त. ते वाक्य एक वर्ष आधीच्या लेखाखाली नको होतं.

आता पैसा. इथे तुम्ही मला पकडलंत. शेवटच्या दिवशी चेल्सीने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ६-० हरवलं, तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला पहिला गोल मारणारी मायरा रामिरेझ जानेवारीतच स्पेनच्या लेवांते क्लबकडून आली होती, ब्रिटनमधल्या महिला फुटबॉलच्या तेव्हाच्या विक्रमी रकमेला. सॅम कर जायबंदी झाली आणि त्याच महिन्यात अशी खेळाडू विकत घेता आली, ही सोय ब्रिस्टॉलला नाही. ब्रिस्टॉल २२ पैकी एक सामना जिंकून ६ गुणांवर खालच्या लीगमध्ये गेली. तिच्या जागी आलेली क्रिस्टल पॅलेसही पुढच्या वर्षी १० गुणांसह तळाला राहून परत गेली. ही दरी खरी आहे. फक्त ती चेल्सी आणि सिटी यांच्यात नाही, सिटीही श्रीमंतच क्लब आहे. ती वरच्या मोजक्या संघांत आणि उरलेल्यांत आहे. लेखात मी ब्रिस्टॉलचं नाव केवळ ८-० च्या ओळीत घेतलं, त्याचं मला वाईट वाटतं.

हेजबद्दल मात्र मी एक शब्दही मागे घेणार नाही. २०१२ पासून ती त्या क्लबात होती. या शेवटच्या मोसमात ती लीग कपची फायनल हरली, एफए कपची आणि चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी हरली, आणि लीगही गेली असं स्वतःच म्हणाली. त्यानंतर उरलेल्या तीन सामन्यांत तिच्या संघाने १५ गोल मारले आणि एकही खाल्ला नाही. १८ मेला आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सामना सुरू झाला, मध्यंतरालाच ४-० झालं होतं. शेवटचा गोल फ्रॅन कर्बीचा, तीही त्याच दिवशी क्लब सोडत होती. मी रडले, हे लेखात लिहिलं होतं आणि ते तसंच राहील.

मूळ लेखात आज तीन बदल केले आहेत : सिटी-चेल्सीच्या आपसातल्या निकालांचा परिच्छेद, रामिरेझच्या रकमेचा उल्लेख, आणि ब्रिस्टॉलवर वेगळा भाग. तो भाग वाचून काही चुकलं असेल तर जरूर कळवा.