गॅस गिझर लाईटशिवाय चालतो हे खरंय, पण बाथरूममध्ये लावू नका

"लाईट नसलेल्या घराला गॅस गिझर बेस्ट, दोन सेल टाका, बाथरूममध्ये टांगा, टाकी कुठेही असूद्या, सिलेंडर वर्षभर जातो, लीक झालाच तर वास येतो, घाबरायचं काय?" असा मेसेज फार्महाऊसवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. आमचं घर ताम्हिणीच्या बाजूला, वायर पोचलेलीच नाही, सोलरवर दिवे आणि एक छोटा पंप, आणि सहा वर्षं गॅस गिझरच वापरतोय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

लाईट लागत नाही हे बरोबर. सेल फक्त ठिणगीला आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायला. पावसाळ्यात मात्र सेलच्या डब्यातली पट्टी हिरवी पडते, नुसतं टिकटिक टिकटिक होतं आणि पेटत नाही, लोक लगेच मेकॅनिक शोधतात, पॉलिश पेपरने पट्टी घासा आधी.

टाकी कुठेही चालते हे साफ चूक. पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकतो तेव्हाच गॅस सुटतो, टाकी गिझरच्या फूटभर वर असेल तर पेटणारच नाही आणि पंपाने दाब द्यायचा म्हटलं की परत लाईट आलीच. आमची टाकी मागच्या चढावर आहे, गिझरपासून 12 फूट उंच.

सिलेंडरचं सांगायचं तर 20 लिटरची बादली 25 अंशांनी तापवायला साधारण 60 ग्रॅम गॅस जातो. चार माणसं रोज एकेक बादली घेणार असतील तर 14.2 किलोचा सिलेंडर दोन महिने, शॉवर घेतला तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात संपतो. वर्षभर वगैरे काही नाही.

आता वास, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय. एलपीजीला मुळात वास नसतोच, लीक कळावी म्हणून मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात, आणि गॅस जळला की तोही जळतो. पण बाथरूममध्ये माणसं गेली ती बहुतेक वेळा लीकने नाही हो, कार्बन मोनॉक्साइडने, आणि त्याला ना वास ना रंग, डोळेसुद्धा चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून जास्त जोराने चिकटतो. एक किलो गॅस जळायला 12-13 घनमीटर हवा लागते, मोठ्या ज्योतीवरचा, मिनिटाला 6 लिटर पाणी देणारा गिझर तासाला किलोभर जाळतो, म्हणजे 10 मिनिटांत 2 घनमीटर, आणि 4 बाय 6 फुटांच्या बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि हा विषारी वायू सुटायला लागतो.

पहिल्या वर्षी आमचाही आतच होता, प्लंबर म्हणाला "खिडकी आहे की ताई". जानेवारीत थंडी म्हणून भाचीने ती खिडकी ओढून घेतली आणि बाहेर आली ती भिंत धरत, डोकं ठणकतंय, मळमळतंय. आईला वाटलं पित्त, तिने कोकम सरबत दिलं. दुसऱ्या दिवशी मला अगदी तसंच झालं तेव्हा कुठे ट्यूब पेटली, त्याच संध्याकाळी गिझर उतरवला.

"20 मिनिटांनी आपोआप बंद होतो की" असंही कुणीतरी खाली लिहिलंय. तो टायमर आहे, त्याला हवेतलं काही कळत नाही. एक्झॉस्ट फॅनवर भरवसा तर लाईट नसलेल्या घरात ठेवूच नका, रात्री बॅटरी उतरली की तो बंद.

आजीच्या घरी बंब मागच्या पडवीत असायचा, गरम पाणी बादलीने न्हाणीघरात यायचं, धूर बाहेरच्या बाहेर. गॅसचा धूर दिसत नाही म्हणून आपण तो आत आणून ठेवला.

आमचा गिझर आता बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर आहे, वर पत्रा, वाऱ्याच्या बाजूला आडोसा, पण समोरून आणि खालून मोकळा. नळाला गरम पाणी यायला दोन तांबे थंड पाणी जातं, ते केळीला घालतो. ज्यांचा आत आहे त्यांनी पावसाच्या आधी बाहेर काढा, कारण झड आत येते म्हणून सगळे खिडक्या लावून घेतात ते तेव्हाच.