फिरतंय ना?

भंगारवाला माल किलोवर विकतो, पण बोलतो तोळ्यावर. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी हे सोनं हवं तेवढं मिळतं. तिथे बिजागऱ्या, कुलपं हरवलेल्या किल्ल्या आणि सायकलींच्या रिमा यांच्या ढिगाखाली मला लाकूड कातायचं एक जुनं लेथ दिसलं. दिसलं म्हणजे त्याची एक पुली दिसली. बाकीचा देह भंगारवाल्यानं शब्दांनी उभा केला.

"इंग्लंडचं आहे साहेब. गोऱ्यांच्या काळातलं. असं बीड आता ओतत नाहीत."

"चालतं का?"

"चालतं म्हणजे? चालवणाऱ्यावर आहे."

या उत्तरातली मेख मला कळली होती, पण तोवर माझा हात बेडवरून, म्हणजे लेथच्या खालच्या लांब ओतीव बैठकीवरून, फिरला होता. दीडशे किलोच्या आसपासचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आणि भाव भंगाराचा. ज्यांना जुन्या हत्यारांचा नाद आहे त्यांना पुढचं सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून पटणार नाही.

लेथ छोट्या हत्तीतून आलं आणि आमच्या पार्किंगमध्ये माझ्या जागेवर उतरलं. माझ्याकडे चारचाकी नाही, त्यामुळे ती जागा मोकळीच होती. सेक्रेटरींनी नियमावली आणली. पार्किंगमध्ये वाहनाखेरीज काही ठेवू नये, असं त्यात स्पष्ट होतं. मी त्यांना पुली दाखवून म्हटलं, एक चाक तर आहेच. त्यावर त्यांनी विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घेऊ असं सांगितलं. आमच्या सोसायटीत याचा अर्थ परवानगी मिळाली असा होतो.

घरच्या सभेत मात्र चर्चा लगेच झाली.

"हे काय करतं?" बायकोनं विचारलं.

"फिरतं."

"आणि?"

"त्यावर लाकूड लावलं की तेही फिरतं."

आई एवढा वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मग मला एक लाटणं कर. माझ्याला चीर पडलीये, कणीक अडकते."

मी मनात लाकडी वाडगे, फुलदाण्या, झालंच तर बुद्धिबळाचा एक पूर्ण संच, अशी आखणी केली होती. लाटणं त्यात कुठेच नव्हतं. पण शंभरेक रुपयांत कुठेही मिळणारी वस्तू आपल्याला करता येऊ नये, हा विचारही त्या वेळी माझ्या मनाला शिवला नाही.

सुरुवात गंजापासून झाली. गंज काढायचा एक उपाय प्रत्येकाकडे असतो आणि तो नेमका स्वयंपाकघरातला असतो. वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांनी मला चिंच, लिंबू, व्हिनेगर आणि उरलेलं कोल्ड्रिंक सुचवलं. ही सगळी आम्लं गंज खातात हे खरं, पण गंज संपल्यावर थांबायचं त्यांना कळत नाही, मग ती लोखंडाकडे वळतात. म्हणून मी वीज वापरली. प्लास्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, 12 व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार पाण्यात सोडलेल्या जुन्या सळईला. थोड्या वेळानं बुडबुडे येतात, तांबडा गंज काळा होऊन सुटतो आणि खालचं चांगलं लोखंड तसंच राहतं. बायकोनं सळईऐवजी एक पोचा आलेलं स्टीलचं ताट देऊ केलं होतं. ते चालत नाही; स्टेनलेस स्टीलमधल्या क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. हे ऐकून ती बादलीजवळ आली.

"आणि हे बुडबुडे कसले?"

"हायड्रोजनचे."

त्याच संध्याकाळी बादली गॅलरीत गेली, गॅलरीचं दार बंद झालं आणि कपडे वाळत घालायचं काम कायमचं माझ्याकडे आलं.

बादलीत मावत नव्हतं ते, म्हणजे बेड, पार्किंगमध्ये तारेच्या ब्रशनं घासत बसलो. वर हिरवा रंग, त्याखाली करडा, त्याखाली रेड ऑक्साइड. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पाणी मारून, तोंडाला मास्क बांधून खरवडायचं. माणूस मास्क लावून काही खरवडताना दिसला की आपल्याकडे गर्दी जमते. सोसायटीतले निवृत्त लोक खुर्च्या घेऊन आले. बेडच्या बाजूला ओतीव अक्षरं होती. रंगाखालून त्यांतली शेवटची दोन आधी उघडी पडली. रोमन लिपीत ‘ला’. इंग्लंडमध्ये ‘ला’नं संपणारं गाव कोणतं, यावर चांगली तासभर चर्चा झाली. एका आजोबांनी मोबाइलवर नकाशा उघडून स्कॉटलंडही पालथा घातला. मग पुढची अक्षरं निघाली आणि सगळा शब्द वाचता आला. बटाला.

बटाला पंजाबात आहे, गुरदासपूर जिल्ह्यात. बीडाचं ओतकाम आणि लेथ मशिनं यांसाठी त्या गावाचं नाव आहे. तिथली मशिनं देशभरातल्या छोट्या वर्कशॉपांत कितीतरी वर्षं निमूटपणे राबत आली आहेत. मला स्वतःला याचा आनंदच झाला. जाड ओतलेलं, भारी, अंगानं ओबडधोबड आणि कामाला दणकट. तरीही भंगारवाल्याला फोन केला.

"अहो, हे इंग्लंडचं नाही. बटाल्याचं निघालं."

तो एक क्षणही अडखळला नाही. "मग फाळणीच्या आधीचं असणार साहेब. तेव्हा सगळं इंग्रजांचंच होतं की."

आता राहिलं हृदय. हेडस्टॉकमधली, म्हणजे लेथच्या डोक्यातली, शाफ्ट गनमेटलच्या दोन बुशांत, म्हणजे कड्यांत, फिरते आणि ते बुश झिजून अंडाकृती झाले होते. शाफ्ट हातानं वरखाली हलत होती. नवे बुश कातून घ्यायला मी एका वर्कशॉपात गेलो. लेथ दुरुस्त करायला दुसरं लेथ लागतं, यातली गंमत मी तिथल्या मिस्त्रींना सांगितली. त्यांनी ती बहुधा बऱ्याचदा ऐकली असावी, कारण त्यांनी न हसता अॅडव्हान्स मागितला. "उद्या या" हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की माझा उद्या या कल्पनेवरचाच विश्वास उडाला. पण बुश मात्र असे आले की शाफ्ट बोटानं ढकलली तरी आवाज न करता फिरत राहिली. चांगल्या कारागिराचा राग फार काळ धरता येत नाही, ही त्यातली मोठी गैरसोय.

अर्ध्या हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर, मिनिटाला 1440 फेरे. तिच्यावर तीन इंची पुली आणि शाफ्टवर सहा इंची, म्हणजे लाकूड 720नं फिरणार. गणित बरोबर होतं. जोडणी मी इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली, कारण विजेच्या बाबतीत मी बादलीच्या पुढे जात नाही.

लेथवर लाकूड वरून खाली, आपल्या दिशेनं फिरावं लागतं. ते उलट फिरलं तर पटाशी उचलली जाते, पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होते. लाकूड ज्या फेसप्लेटवर स्क्रूनं बसवतात, ती शाफ्टवर आट्यांनी चढवलेली असते. बरोबर दिशेनं काम चालू असताना ती घट्ट होत जाते. उलट दिशेला ती सुटते. उद्घाटनाला मी गुलमोहराचा एक गोल ओंडका फेसप्लेटवर चढवला होता. आई, बायको, खुर्चीवाले आजोबा, सगळे हजर होते. इलेक्ट्रिशियननं बटण दाबलं. मोटर उलटी सुरू झाली आणि फेसप्लेट ओंडक्यासकट दोन गिरक्यांत शाफ्टवरून उतरली, खाली पडली आणि पार्किंगच्या उतारावरून गेटकडे निघाली. ती येताना पाहून वॉचमननं सवयीनं गेट उघडलं.

रस्त्यापलीकडून ओंडका परत आणल्यावर मी इलेक्ट्रिशियनकडे पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "फिरतंय ना?"

स्टार्टिंग वाइंडिंगच्या दोन तारांची अदलाबदल केली की ही मोटर सुलटी होते. तेवढं त्यानं केलं. त्याला लागला त्याहून जास्त वेळ, आधी जे होतं तेही चूक कसं नव्हतं, हे समजावण्यात गेला.

मग खरं काम सुरू झालं. ओलं लाकूड कातताना त्यातलं पाणी फवाऱ्यानं बाहेर पडतं आणि बरोबर चष्म्यावर येतं. कोरडं लाकूड कातताना पटाशी मध्येच रुतते आणि धडाम आवाज होऊन सगळं थांबतं किंवा सगळं उडतं. शिवाय लाकडातून काढलेलं लाकूड परत घालता येत नाही. पोळीचं लाटणं म्हणून सुरू केलेला तुकडा दुरुस्त करता करता पापडाचं लाटणं व्हायचा, मग रवीचा दांडा, मग विटी. सोसायटीतल्या मुलांना तो उन्हाळा विट्यांची ददात पडली नाही. कर्नाटकातल्या बेलूरच्या देवळाची स्थापना 1117 सालची. तिथले गुळगुळीत, कड्याकड्यांचे दगडी खांब लेथसारख्या साधनावर फिरवून कातले असावेत, असं अभ्यासक मानतात. ज्यानं ते केले त्याला किती विट्या कराव्या लागल्या, याची नोंद शिलालेखात नाही.

शेवटी पेठेतल्या एका बोळातून मी एका म्हाताऱ्या कातारीकाकांना घेऊन आलो. चौरंगांचे पाय, पाळण्यांचे दांडे आणि भोवरे कातण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. वडील जमिनीवर बसून कमानीनं लाकूड फिरवायचे, म्हणाले. एका हातात कमान, दुसऱ्या हातात पटाशी आणि तिला आधार पायाच्या बोटांचा. कमानीवर लाकूड एकदा पुढे फिरतं, एकदा मागे, म्हणजे अर्धा वेळ पटाशी नुसती टेकवून बसायचं. मोटर असूनही मला जमत नाही, हे त्यांना सांगायला मी शब्द शोधत होतो. पण त्यांनी मी केलेल्या वस्तूंकडे पाहिलंच नाही. ते जमिनीकडे पाहत होते.

"भुसा आहे," ते म्हणाले. "छिलपे नाहीत. धार कुठाय?"

त्यांनी पटाशी ग्राइंडरवर लावून आणली. "आता हिची पाठ आधी लाकडावर टेकवा. नुसती पाठ. काही कापलं जाणार नाही, जाऊ नये. मग मूठ हळूच वर घ्या, धार आपण होऊन लागेल. तुम्ही लाकडाच्या अंगावर जाताय साहेब. त्याला येऊ द्या की."

पटाशीतून शेवयांसारखे लांब छिलपे निघायला लागले तेव्हा आजोबांनी खुर्च्या पुढे ओढल्या. काकांनी चहा घेतला, पैसे घेतले आणि जाताना मशीनवर हात ठेवून "बटाला ना?" एवढंच विचारलं. त्यांनी अक्षरं वाचली नव्हती.

मग जुन्या बाजारातून आणलेल्या मोडक्या पलंगाच्या शिसवी पायातून मी एक लाटणं कातलं. सरळ, गुळगुळीत, कुठूनही मोजा, व्हर्नियरवर तोच आकडा. ते मी आईपुढे ठेवलं. तिनं आधी हातात तोललं, मग ओट्यावर गडगडत सोडलं, मग कणकेचा गोळा घेऊन पोळी लाटायला सुरुवात केली आणि दोन हातांतच थांबली.

"फिरत नाही."

"काय फिरत नाही?"

"पोळी. आपण फिरवायची नसते, लाटताना तिनंच फिरायचं असतं. याला मध्ये पोट नाही."

"किती पोट हवं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती मिलिमीटर?"

"पोळी फिरेल इतकं."

एवढ्या अचूक मापावर काम करणं शक्य नसल्यामुळे मी तिचं चीर पडलेलं लाटणं पार्किंगमध्ये नेलं आणि कॅलिपर लावला. मध्ये 38 मिलिमीटर आलं. जरा फिरवून तिथेच पुन्हा मोजलं तर 36. डावं टोक उजव्यापेक्षा बारीक. लेथच्या दोन सेंटरांत, म्हणजे टोकांत, धरून हलकेच फिरवलं तर लाटणं चक्क डुलत होतं. वर्षानुवर्षं एकाच हाताच्या दाबानं झिजून ते ना गोल राहिलं होतं ना सरळ, आणि आईला हवं होतं ते नेमकं हेच. माझं मशीन, नवे बुश, 720 फेरे, काकांची धार, हे सगळं मिळून फक्त गोल वस्तू करू शकतं. शाफ्टचा अर्ध्या मिलिमीटरचा डळमळाट घालवण्यासाठी मी वर्कशॉपाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि घरातल्या सर्वोत्तम लाटण्यात दोन मिलिमीटरचा डळमळाट होता.

मध्ये पोट ठेवून दुसरं लाटणं केलं. गोलच, पण पोट असलेलं. तेल कोणतं लावावं यावर मी बराच विचार केला: खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल लाकडावर वाळत नाही, जवसाचं वाळतं, पण त्याला वेळ लागतो. आई म्हणाली, त्याला काही लावू नकोस, पोळ्यांनी लागेल ते लागेल.

पहिली पोळी तिनं काही न बोलता लाटली. ती फिरली. मी बघत होतो. हातानं न ढकलता, लाटण्याखाली थोडी थोडी सरकत गोल फिरली. दुसरी, तिसरी. मग आईनं पोळपाटाची कड दाबून दाखवली. तो एका पायावर डगमगत होता.

"आता हा कर."

पोळपाट दहा इंची. माझ्या लेथवर सेंटरपासून बेडपर्यंत चार इंच आहेत, म्हणजे आठ इंचांपेक्षा मोठी थाळी त्यावर फिरूच शकत नाही. हे मी तिला हातवारे करून, पोळपाटावर पिठात आकृती काढून समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि आकृती पुसून पुढचा गोळा ठेवला.

"मग पोळपाट मी विकतच आणते," ती म्हणाली. "तू तोवर या लाटण्याचं पोट जरा कमी कर. फार फिरते."