'काका, चष्मा बदला' या प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर भाषा बिघडली असती, म्हणून थांबलो. 'ब्रीफ एन्काउंटर' या डेव्हिड लीनच्या जुन्या इंग्रजी चित्रपटावरच्या माझ्या लेखावर आपण पाच आक्षेप घेतलेत आणि जाता जाता चष्मा बदलण्याचा सल्लाही दिलात.

जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. इंग्लंडमधल्या कार्नफर्थ स्टेशनच्या उपाहारगृहात चित्रीकरण झालं असं मी लिहिलं होतं, ते चूक. फलाट आणि घड्याळ तिथलं. चहाची ती खोली डेनम स्टुडिओत उभारलेली होती. ओळ दुरुस्त केली आहे. 1945च्या फेब्रुवारीत, युद्ध चालू असताना, लंडनपासून इतक्या दूरचं स्टेशन का निवडलं (हवाई हल्ल्याची सूचना आली तर दिवे विझवायला वेळ मिळावा म्हणून), हे मात्र त्याच परिच्छेदात नीट दिलं होतं. ते आपल्याला दिसलं नाही. 'खोली सेटवरची होती' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. 'जरा अभ्यास करून लिहीत जा' कशाला?

आता नायिकेबद्दलचं, म्हणजे लॉरा झालेल्या सिलिया जॉन्सनबद्दलचं, आपलं ते वाक्य. 'सिलिया जॉन्सन दीड तास नुसते डोळे विस्फारून बसते, याला अभिनय म्हणत नाहीत.' कोण म्हणत नाहीत? 'मला भावला नाही' असं लिहिलं असतंत तर मी वाद घातला नसता. आवडनिवड ज्याची त्याची. पण 'म्हणत नाहीत' हे फर्मान झालं. तिला त्या कामासाठी ऑस्करचं नामांकन होतं, पण ते राहू दे, नामांकनं ढिगानं मिळतात.

लीननं निरोपाचा प्रसंग दोनदा दाखवलाय. सुरुवातीला आपल्याला काहीच ठाऊक नसतं. टेबलाशी दोघं, विवाहित लॉरा आणि तिचा प्रियकर अ‍ॅलेक (ट्रेवर हॉवर्ड), बसलीत, डॉली मेसिटर नावाची बडबडी बाई येऊन टपकते, तो उठतो, लॉराच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि जातो. संपलं. शेवटी हाच प्रसंग पुन्हा येतो, आणि तेव्हा कळतं की हा कायमचा निरोप होता आणि डॉलीच्या वटवटीत तोही धड घेता आला नाही. पहिल्या वेळी जॉन्सनचा चेहरा थोडा जरी जास्त बोलला असता तर पुढचा सगळा चित्रपट फुकट गेला असता. ती तो मिटून ठेवते. नंतर ती फलाटाच्या कडेपर्यंत धावते, एक्स्प्रेस जाते, खिडक्यांचा उजेड तिच्या तोंडावरून सपासप सरकतो. तिथे डोळे मोठे होतात. हो, होतात!

माझे वडील रेल्वेत होते. माझं बालपण दौंड जंक्शनच्या क्वार्टरमध्ये गेलं. बदलीची माणसं, सासरी निघालेल्या मुली, फौजेत चाललेली पोरं, सगळ्यांचे निरोप पाहिलेत. लोक रडत नाहीत हो. 'डबा घेतलास का', 'पोचल्यावर पत्र टाक' एवढंच बोलतात आणि गाडी हलली की नळावर तोंड धुवायला जातात. मोठ्यानं रडणारा क्वचित दिसायचा, आणि तो बहुतेक वेळा पुढच्याच गाडीनं परत यायचा. आपण कधी जंक्शनवर राहिला असाल असं वाटत नाही. त्यामुळे न रडणारा चेहरा म्हणजे रिकामा चेहरा असा समज झाला असावा.

बाकीचं थोडक्यात. ट्रेवर हॉवर्ड ठोकळा वाटला? वाटो. पार्श्वसंगीतातला रखमानिनॉफचा पियानो कानठळ्या बसवतो? आवाज कमी करा. स्टॅनली हॉलोवे आणि जॉइस केरी यांना, म्हणजे तिकीट तपासणाऱ्याला आणि चहावालीला, हसण्यापुरतं ठेवून दुःख तेवढं सुखवस्तू माणसांच्या वाट्याला दिलंय, हा मुद्दा जुना आहे. नाटककार नोएल कॉवर्डच्या 1936च्या मूळ एकांकिकेपासून ते तसंच आहे. त्यावर केव्हातरी लिहीन, आज ती चर्चा नको.

मला खटकलं ते वेगळंच. इतकं लिहूनही फ्रेडबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही. लॉराचा नवरा, शब्दकोड्यात डोकं घातलेला सिरिल रेमंड. अख्खी गोष्ट ती मनातल्या मनात त्यालाच सांगत असते, आणि शेवटी तू फार लांब गेली होतीस, परत आलीस, बरं झालं, असं तो म्हणतो. तिथवर तुम्ही चित्रपट पाहिलात का, तेवढं कळवा.