ते पाकीट पाण्यात भिजवू नका

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक तारा दिला आणि लिहिलं की टीबीचं लेबल तिकीट म्हणून गळ्यात मारलं, पोस्टात दाखवलं तर ते चालत नाही म्हणाले, आणि एका मळक्या पाकिटाचे 350 रुपये घेतले. आता पाकीट भिजवून तिकीट सोडवणार आहात, असंही लिहिलंय. बाकीचं पुढे बोलू. आधी हात जोडून सांगतो, भिजवू नका.

पोस्टातल्या माणसानं बरोबरच सांगितलं. हे टपाल खात्याचं तिकीट नाहीच. पाकिटासोबतच्या चिठ्ठीवर मी ‘टीबी सील, टपालाला चालत नाही’ असं लिहून दिलं आहे. संस्थेनं छापायचं, लोकांनी विकत घेऊन पत्रावर खऱ्या तिकिटाशिवाय वेगळं चिकटवायचं, आणि आलेला पैसा रुग्णांसाठी वापरायचा, अशी ही रीत. ती काढली डेन्मार्कच्या आयनार होल्बोल यांनी, आणि ते स्वतः पोस्टात कारकून होते! 1904 च्या नाताळात राणी लुईसचं चित्र असलेलं पहिलं सील निघालं, क्षय झालेल्या मुलांसाठी. 1907 मध्ये एमिली बिसेल यांनी अमेरिकेत, डेलावेअरमधल्या एका लहानशा क्षय रुग्णालयासाठी, एका सेंटला एक अशी सीलं विकली. आपल्याकडे ट्युबरक्युलोसिस असोसिएशन ऑफ इंडियाची टीबी सील मोहीम 1950 पासूनची, दर वर्षी 2 ऑक्टोबरला सुरू होणारी. आपल्या भागातल्या कितीतरी लोकांनी शाळेत गुरुजींकडून ही सीलं घेतली आहेत. दोन आडव्या दांड्यांचा क्रूस दिसला की समजायचं, क्षयाविरुद्धच्या कामाचं आहे.

सरकारनं सक्तीनं लावायला सांगितलेलं तिकीट वेगळं. 1971 च्या नोव्हेंबरात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी 5 पैशांचं जादा तिकीट सुरू झालं. कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ छापलं होतं. मार्च 1973 पर्यंत ते पत्रावर लावावंच लागे. त्यामुळे त्या काळातलं पत्रांचं गाठोडं उघडा, ते सापडतंच, आणि माझ्याकडे ते चहाच्या किमतीत मिळतं. टीबी सीलची सक्ती कोणावर नव्हती. ज्यानं लावलं त्यानं मनानं लावलं.

आता तुमचं पाकीट. जरा उजेडात धरा. 1956 च्या डिसेंबरातलं आहे, हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या पत्त्यावर आलेलं. उजवीकडे तिकीट, त्याला लागून सील. शिक्क्याचं वर्तुळ तिकिटावर सुरू होतं, सीलवरून जातं आणि खाली कोऱ्या कागदावर उतरतं. काळी शाई तिन्ही ठिकाणी सलग आहे. हे सील त्याच पत्राबरोबर टपालातून गेलं, कोणी मागाहून डिंक लावून चिकटवलं नाही, याचा पुरावा ती शाई. सुटं केलंत तर अर्धा शिक्का तुमच्याकडे उरेल आणि अर्धा बादलीत जाईल. मग त्याची किंमत माझ्या काउंटरवरच्या सुट्या सीलइतकी, म्हणजे 15 रुपये.

350 का, तर अशी पाकिटं उरतच नाहीत. बहुतेक लोक सील मागच्या बाजूला झाकणीवर लावत, आणि पत्र उघडताना ते फाटून जाई. जे पुढे लावलेलं असे ते पोरं कात्रीनं कापून वहीत चिकटवत. जुने वाडे पाडतात तेव्हा पेटीतली पत्रं थेट रद्दीत जातात. तिथे मी पोचलो तर पोचलो. हे पाकीट किलोभर कागद उपसून हाती आलेलं आहे, आणि त्यावरचा मळकटपणा मी मुद्दाम पुसला नाही. पुसणारा व्यापारी दिसला तर त्याच्याकडून काही घेऊ नका.

एका कडेला दाते नाहीत म्हणून नकली, असंही तुम्ही सोबतच्या अमेरिकन सीलबद्दल म्हणता. ते शीटच्या काठावरचं सील आहे. तिथल्या कित्येक शीटना बाहेरच्या कडेला छिद्रं पाडलेली नसत. बाकीच्या तीन कडांचे दाते मोजा, नीट आहेत.

तरीही नको असेल तर पाकीट कोरडं आणि आहे तसं आणा, पूर्ण 350 परत देईन, काही विचारणार नाही. सोमवारी बाजाराच्या दिवशी गर्दी असते, मंगळवारी सकाळी आलात तर भिंग घेऊन शिक्का दाखवीन. पाहूनच ठरवा. आणि घरी आजोबांची पत्रं असतील तर तीही घेऊन या, दाखवायचे पैसे लागत नाहीत.