मोजून नेता, ते परत कधी आणून देता?

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे.

सकाळी आईकडे गेले होते, टेकडीवरच्या वस्तीतल्या आमच्या जुन्या घरी. दारात एक मुलगा उभा. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. सर्वे. आईने त्याला बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. माणसं किती, कमावतं कोण, मीटर कुणाच्या नावावर, गॅस आहे का, तो विचारत गेला आणि आई सांगत गेली. मग आला संडास. "घरात की सार्वजनिक?" आई म्हणाली, सार्वजनिक. त्याने बोट टेकवलं, 'उपलब्ध' असं उमटलं, आणि गडी पुढच्या प्रश्नावर.

आई म्हणाली, "थांब बाळा. रांग किती असते ते नाही विचारत? दाराला कडी आहे का? रात्री दिवा असतो का?"

"मावशी, तसा ऑप्शनच नाहीये यात."

जाताना त्याने चौकटीवर स्टिकर चिकटवला. त्याच चौकटीवर ऑइलपेंटने घातलेले चार नंबर आधीपासून आहेत, प्रत्येक वेगळ्या सर्वेचा, वेगळ्या रंगाचा. आई त्यावरून बोट फिरवत म्हणाली, "हा पाचवा. आधीच्या चारांत काय निघालं ते सांगायला अजून कुणी आलं नाही."

माझ्या यादीतल्या बहुतेकांना आईची वही माहीत आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. मी आठवीत होते. आमच्या गल्ल्यांना मिळून बायकांसाठी सात संडास होते, म्हणजे कागदावर सात. दोन तुंबलेले, एकाला दारच नाही. आई आणि शेजारच्या दोन वहिनींनी माझ्या जुन्या वहीची कोरी पानं फाडून शिवली आणि एका सोमवारी पहाटे पाचपासून आठपर्यंत रांगेशी उभं राहून मोजलं. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. दोनशे बारा बायका, चालू संडास चार. त्रेपन्न बायकांमागे एक. आज स्वच्छ भारतच्या नियमात सामुदायिक शौचालयात पंचवीस बायकांमागे एक सीट लिहिलेली आहे. तेव्हा आईला असला नियम वगैरे काही ठाऊक नव्हता. रांगेत उभ्या पोरींच्या शाळेची पहिली घंटा चुकते, एवढं ठाऊक होतं.

ती वही घेऊन त्या तिघी कचेरीत गेल्या. साहेबांनी रजिस्टर उघडून सांगितलं, तुमच्याकडे सात आहेत. आई म्हणाली, "साहेब, चला मोजायला." तीन खेपा नुसत्या घातल्या. चौथ्या खेपेला साहेब आले, नाकाला रुमाल लावून. महिन्याभरात दारं बसली, कड्या बसल्या, बाहेर एक दिवा लागला. नवीन संडास काही मिळाले नाहीत. पण त्या दिव्याखाली मी दहावीपर्यंत न घाबरता गेले, आणि त्या दिव्यामागे तीन बायकांनी पेन्सिलीने ओढलेल्या रेघा होत्या.

म्हणून 'डेटा' हा शब्द कुणी फार मोठ्या तोंडाने उच्चारला की मला राग येतो. वस्तीतल्या बायका हे चाळीस वर्षांपूर्वी करून बसल्यात. 1985 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फुटपाथवरच्या लोकांना नोटीस देऊन हटवता येईल. तेव्हा भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना घेऊन स्पार्क या संस्थेने मोजणी केली. सुमारे सहा हजार कुटुंबं, सत्तावीस हजार माणसं. त्याआधी ती कुठल्याच यादीत नव्हती. काल आलेले उपरे म्हणून हिणवलेली ती माणसं वर्षानुवर्षं तिथंच राहत होती आणि चालत कामावर जात होती, हे त्यातून दिसलं. पुढच्या वर्षी त्याच बायकांची महिला मिलन ही संघटना उभी राहिली. आपलं घर किती फुटांचं, किती माणसांचं, हे त्या स्वतः मोजून साहेबांसमोर मांडायला लागल्या.

आणि आपण अजून 2011 च्या जनगणनेवर बोलतो! त्या वेळी पोटात असलेलं पोर आता हायस्कुलात आहे. त्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या झोपडपट्ट्यांत 1 कोटी 18 लाख लोक निघाले, देशात सगळ्यात जास्त. पण सरकारी यादीत नसलेल्या वस्तीला झोपडपट्टी म्हणून धरायचं तर तिथे साठ-सत्तर घरं तरी हवीत, असा त्यांचा निकष. नाल्याकाठी चाळीस घरं असतील तर? ती माणसं कुठे मांडायची? मला हे वाचलं तेव्हा रडू आलं होतं, कारण वरच्या कड्याजवळची पस्तीस घरं मी लहानपणापासून बघतेय.

सरासरीचं तर विचारूच नका. मुंबईत पाण्याचं गणित झोपडपट्टीत माणशी 45 लिटर, इमारतीत 135. पंचेचाळीस म्हणजे तीन हंडे. तेही टेकडीच्या पायथ्याला. वरच्या गल्लीत नळाला धार येईपर्यंत खालच्या मोटारींनी पाणी ओढलेलं असतं. आकडा वस्तीचा एकच, आणि आई वरच्या गल्लीत राहते. गल्लीनिहाय मोजल्याशिवाय हे कुणाला दिसणार आहे?

हो, मोजणीची भीतीही खरी आहे, ते मान्य करते. 4 जानेवारी 1976 ला मुंबईत एका दिवसात झोपड्या मोजल्या, फोटोपास (झोपडीधारकाचा फोटो लावलेले ओळखीचे पास) दिले, आणि त्याच वर्षी ट्रॉम्बेची जनता कॉलनी उठवून लोकांना चिता कॅम्पला नेलं. तेव्हापासून सर्वेवाला दिसला की माणसं आधी विचारतात, घर मिळायला आम्ही पात्र की अपात्र? आणि हो, वस्तीतल्यांनीच मोजलं तर कुणी घरात दोन माणसं वाढवून सांगतं, तेही खरं. म्हणूनच तर मोजलेलं गल्लीत सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं असतं. शेजारणीसमोर खोटा आकडा टिकत नाही.

हे होऊ शकतं, झालेलं आहे. 1993 साली सुरू झालेली पुण्याची शेल्टर असोसिएट्स ही संस्था हेच करतेय. पुण्यात, सांगलीत घराघराचा नकाशा काढायचा, त्यावर ड्रेनेजची लाइन कुठून जाते ते दाखवायचं. कुठल्या घराला जोडणी मिळू शकते ते त्यातून कळतं. सामान संस्थेचं, बांधकाम कुटुंबाचं, आणि संडास घराच्या आत. नकाशे काढायला शिकलेली माणसं लागतात, ठीक आहे. ती यावीत, पण आईसारखीला बरोबर घेऊन.

मगाशी त्या मुलावर चिडले होते. आता लिहिताना त्याचा चेहरा आठवतोय. उन्हात चढून आला होता, फॉर्ममागे पैसे मिळतात म्हणाला, आज पन्नास घरं पुरी करायची होती. जिन्यावर थांबून त्याने आईला विचारलं, "मावशी, रांग खरंच एवढी असते?" आई म्हणाली, "पहाटे ये, दाखवते." त्याने मान हलवली. त्याच्या हातात काही नाही, मला कळतं. ज्याने 'उपलब्ध' एवढंच ठेवून रांगेचा प्रश्न त्या टॅबमध्ये घातला नाही, त्याने आयुष्यात एकदा तरी पोट दाबून त्या रांगेत उभं राहावं. आणि पाच वेळा मोजून नेलंत, तर एकदा तरी परत या. एका कागदावर लिहून आणा आणि देवळाच्या भिंतीला लावा: तुमच्या वस्तीत एवढी घरं, एवढे संडास, त्यातले एवढे चालू, आणि अमुक महिन्यात एवढे बांधणार. आई वाचेल. तिला चौथीपर्यंतचं येतं, पुरेसं आहे.

संध्याकाळी निघताना तिने ट्रंकेतून जुनी वही काढली. उंदरांनी कडा कुरतडल्यात, रेघा अजून दिसतात. मला म्हणाली, बघ, आता किती बायका झाल्या असतील, वरच्या कड्याची घरंही धरू. शंभर पानी नवी वही मी नाक्यावरून आणून दिली. रविवारी मुक्कामाला जातेय, सोमवारी पहाटे पाच ते आठ मोजणार आहोत. शेजारच्या वहिनींपैकी एक आता नाहीत, त्यांची सून येणार आहे. कुणाला यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पेन्सिल आणा आणि साडेचारला नाक्यावर या.